केलेलं परत फिरवताना

"कंट्रोल झेड दाबलं की पुसलेलं परत येतं. मग तोवर ते होतं कुठे?" कॉम्प्युटर शिकायला बसलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि "मेमरीत" एवढं उत्तर देऊन विषय पुढे सरकतो. मोठ्या माणसांचे प्रश्न याच रांगेतले, फक्त जास्त जिवाला लागणारे असतात. एक्सेलमध्ये शंभर पावलं मागे जाता येतं, तर चुकीच्या नंबरवर गेलेले पैसे एक पाऊलही मागे का येत नाहीत? सातबाऱ्यावर चुकलेलं नाव तलाठ्याला समोर दिसतंय, तर तो ते खोडून नीट का लिहीत नाही?

या प्रश्नांच्या मुळाशी एकच काम आहे. चूक झाल्यावर मागे कसं फिरायचं, किती फिरायचं आणि कुणाला विचारून फिरायचं, हे सॉफ्टवेअर बांधणाऱ्याने आधीच ठरवावं लागतं. नांदेड-लातूरच्या डीटीपी दुकानांत, तलाठी कार्यालयांत आणि कंपन्यांच्या हिशेबांत या ठरवण्याचे वेगवेगळे नमुने रोज पाहायला मिळतात.

१. आधीचं आठवतं कसं?

कंट्रोल झेडची, म्हणजे अनडूची सोय कॉम्प्युटरबरोबर जन्माला आली नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात अँड्रिस व्हॅन डॅम यांच्या गटाने १९६८ मध्ये 'फ्रेस' नावाची मजकूर-संपादनाची प्रणाली बांधायला घेतली. अनडू देणाऱ्या अगदी पहिल्या प्रणालींत तिची गणना होते. झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार बटणं अनडू, कट, कॉपी, पेस्टसाठी ॲपलच्या 'लिसा'वर आली ती १९८३ मध्ये. फोटोशॉपमध्ये तर १९९८ पर्यंत एकच पाऊल मागे जाता यायचं. पाचव्या आवृत्तीत 'हिस्टरी'ची पट्टी आली, तेव्हा कलाकारांना मोकळेपणी चुका करून बघता येऊ लागल्या.

आधीची अवस्था लक्षात ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक बदलाआधी सगळ्या कामाची नक्कल करून ठेवायची. मागे यायचं झालं की ती नक्कल पुढे आणायची. रीत सोपी आहे, पण महाग. वाढदिवसाचा वीस फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स घ्या. इंचाला ७२ ठिपके धरले तर रुंदी १७,२८० ठिपके आणि उंची ८,६४० ठिपके. गुणाकार सुमारे १४ कोटी ९३ लाख. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे एका नकलेला जवळपास ६०० एमबी. वीस पावलांच्या वीस पूर्ण नकला ठेवल्या तर १२ जीबी केवळ आठवणीत जातील, आणि दुकानातला कॉम्प्युटर बसेल. म्हणून फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर्स चित्राचे छोटे चौकोन पाडतात आणि जे चौकोन बदलले तेवढ्यांचीच जुनी प्रत जपतात. नेत्याच्या फोटोभोवतीची कडा साफ केली, तर उरलेल्या फ्लेक्सला हात लावायचं कारण नाही.

दुसरी रीत काटकसरीची आहे. कामाची नक्कल न ठेवता केलेल्या कृतीची नोंद ठेवायची, आणि तिच्यासोबत तिची उलट कृतीही. "इथे 'लातूर' हा शब्द घातला" या कृतीची उलट कृती म्हणजे "इथून 'लातूर' काढा". सरकवलं असेल तर तेवढंच मागे सरकवायचं. पण प्रत्येक कृती अशी उलटत नाही. समजा, सोयाबीनचा भाव ४,८९२ होता आणि सूत्राने तो शंभराच्या पटीत आणून ४,९०० केला. आता नुसत्या ४,९०० कडे बघून आधी ४,८९२ होता की ४,९१७, हे कुणालाही सांगता येणार नाही. अशा ठिकाणी मूळ आकडा वेगळा जपून ठेवावाच लागतो. फोटो धूसर करणं, ओळी पुसणं ही कामंही याच जातीची. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही रीती मिसळून वापरतं. उलटवता येतं तिथे उलट कृती, येत नाही तिथे बदललेल्या भागाची नक्कल.

२. दोन चळती

या नोंदी ठेवायच्या कशा? ज्वारीच्या भाकरी तव्यावरून उतरतात तशा दुरडीत एकावर एक पडतात, आणि वाढताना हात वरच्या भाकरीलाच लागतो. शेवटी आलेली आधी जाते. अनडूची चळत अशीच असते, आणि तिच्या शेजारी रीडूसाठी, म्हणजे मागे घेतलेलं पुन्हा करण्यासाठी, दुसरी रिकामी दुरडी असते.

'नांदेड' हा शब्द लिहिला, तो ठळक केला, मग लाल केला. पहिल्या चळतीत तीन नोंदी झाल्या. कंट्रोल झेड दाबलं की 'लाल'ची नोंद वरून उचलली जाते, तिची उलट कृती होते आणि ती नोंद दुसऱ्या चळतीत जाते. पुन्हा दाबलं की 'ठळक' तिच्यावर जाऊन बसतं. आता रीडू केलं तर 'ठळक' परत पहिल्या चळतीत येतं.

इथपर्यंत कुणालाही पटतं. घोटाळा पुढे होतो. दोनदा मागे आल्यावर तुम्ही 'शहर' हा नवा शब्द लिहिलात, तर दुसऱ्या चळतीतलं 'ठळक' आणि 'लाल' सरळ टाकून दिलं जातं. त्या नोंदी वेगळ्या अवस्थेवर आधारलेल्या होत्या आणि ती अवस्था आता राहिली नाही, हे त्यामागचं कारण. तासभराचं काम मागे नेऊन "आधी काय होतं ते बघू" म्हणणाऱ्याने मधेच चुकून एक अक्षर दाबलं, तर ते तासभराचं काम जातं. विम नावाच्या मजकूर-संपादनाच्या सॉफ्टवेअरने २००६ च्या सातव्या आवृत्तीत यावर तोड काढली. जुनी वाट टाकून न देता तिथून नवी फांदी फोडायची, म्हणजे कुठल्याही फांदीवर परत जाता येतं. प्रोग्रामर मंडळी ती आवडीने वापरतात, पण लग्नपत्रिका करणाऱ्याला फांद्यांचा नकाशा दाखवला तर तो गोंधळेल. सर्वसामान्यांसाठी एकच सरळ वाट बरी, असं माझं मत आहे.

३. एक पाऊल केवढं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि मराठी लिहिणाऱ्यांचे हाल याच ठिकाणी होतात.

इंग्रजी टायपिंगमध्ये एक बटण म्हणजे एक अक्षर. देवनागरीत तसं नाही. 'नांदेड' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांनी बनतो: न, काना, अनुस्वार, द, मात्रा आणि ड. 'क्षि' हे एकच अक्षर क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांचं आहे. 'क्षि' वर बॅकस्पेस दाबा. बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाते आणि 'क्ष' उरतो. पुन्हा दाबलं की ष जाऊन पायमोडका 'क्' दिसतो. चूक सुधारताना हे सोयीचं आहे, कारण र्‍हस्व वेलांटीची दीर्घ करण्यासाठी सगळं अक्षर पुन्हा टाइप करावं लागत नाही.

अनडूने मात्र असं वागू नये. बॅकस्पेस लिहिताना वापरायचं बटण आहे, तर अनडू हा निर्णय मागे घेण्यासाठी आहे. सहा वेळा कंट्रोल झेड दाबल्यावर एक 'नांदेड' जाणार असेल, तर परिच्छेद मागे घ्यायला बोटं दुखतील. म्हणून सलग टाइप केलेला मजकूर एका पावलात बांधतात. लिहिणारा थोडा थांबला, कर्सर दुसरीकडे नेला किंवा ओळ बदलली, की तिथे एक पाऊल संपलं असं धरतात. उलट फार मोठं पाऊल ठेवलं तर एका झटक्यात अर्धं पान जातं आणि माणूस घाबरतो. देवनागरीसाठी आणखी एक नियम हवा: कुठलंही पाऊल अक्षराच्या मध्ये तुटू नये. मागे आल्यावर पानावर लोंबकळणारा हलन्त किंवा आधार नसलेली मात्रा दिसता कामा नये.

रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. रोमन लिपीतली पाच अक्षरं टाइप करून स्पेस दिली की 'लातूर' उमटतं. आता अनडू केलं तर रोमन अक्षरं परत दिसावीत की पूर्ण शब्द जावा? शब्द चुकीचा उमटला असेल तर रोमन अक्षरं परत हवीत. शब्दच नको असेल तर तो पूर्ण जायला हवा. माझ्या मते पहिल्या झेडला रोमन आणि दुसऱ्याला कोरी जागा हा क्रम बरोबर आहे, कारण कृतीही त्याच क्रमाने घडली होती.

आणि एक पाऊल कधी शेकडो बदलांचंही असतं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. समजा, लातूरचा इतिहास सांगणारी एक पुस्तिका छापायची आहे आणि कुणीतरी 'फाइंड-रिप्लेस'ने सगळीकडे उस्मानाबादचं धाराशिव करून टाकलं. शंभर ठिकाणी बदल झाला. मग लक्षात येतं की १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळं झालं ते उस्मानाबाद जिल्ह्यातून, आणि जुन्या कागदांतली नावंही बदलून गेली आहेत. अशा वेळी एका झेडने शंभरही बदल एकदम मागे आले पाहिजेत, कारण माणसाने आज्ञा एकच दिली होती. यंत्राच्या लेखी शंभर कामं झाली असली, तरी हिशेब माणसाच्या मनातल्या पावलांचाच ठेवायचा असतो.

४. चूक मधेच असेल तर?

आतापर्यंतची सगळी उदाहरणं एकट्याने केलेल्या कामाची होती. त्यात शेवटचं आधी मागे घेणं चालून जातं. पण गावच्या दप्तरात तसं करता येईल का?

सातबारा ही जमिनीची आजची अवस्था असते. ती त्या अवस्थेला कशी आली, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १५० प्रमाणे खरेदी, वारस, बोजा अशी प्रत्येक घटना क्रमांकाने नोंदली जाते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ मध्ये जातं. हाताने लिहिलेल्या दप्तरात प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावरची नोंद पेन्सिलीने असायची, नंतर शाईने. सॉफ्टवेअर बांधणाऱ्याने ही पेन्सिल नीट समजून घ्यावी. कच्ची अवस्था आणि पक्की अवस्था या वेगळ्या असतात आणि मागे फिरण्याचे नियम दोन्हींना वेगळे लागतात. कच्च्यात मोकळेपणी खोडा, पक्क्यात खोडाखोड नाही.

समजा, एका गटात वडील वारले आणि वारसाचा फेरफार ४१२ झाला. दोन भावांची नावं लागली, बहिणीचं राहिलं. पुढे ४३० ने थोरल्याच्या हिश्श्यावर बँकेचा बोजा चढला. ४५१ ने धाकट्याने काही आर जमीन विकली. आता बहिणीचं नाव राहिल्याचं ध्यानात आलं. चूक ४१२ मध्ये आहे, आणि चळतीच्या नियमाने तिथे पोचायचं तर आधी ४५१ आणि ४३० उचलावे लागतील. म्हणजे विकत घेणाऱ्याचं नाव उडालं आणि बँकेचा बोजाही गेला. त्या दोघांचा तर यात काही दोष नाही!

म्हणून दप्तर तसं करत नाही. ४१२ आहे तिथेच राहतो. चूक लेखनप्रमादाची असेल किंवा संबंधित सगळ्यांना मान्य असेल, तर संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा आदेश होतो. वाद असेल तर अपिलात निर्णय लागतो. त्या आदेशाचा नवा फेरफार, समजा ४७०, घेतला जातो आणि बहिणीचं नाव सातबाऱ्यावर येतं. बँक आणि विकत घेणारा हेही संबंधितच असल्याने त्यांचं म्हणणं ऐकलं जातं. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला उलट नोंद म्हणता येईल. इथे काळ मागे नेला जात नाही, चुकीची भरपाई करणारी नवी घटना पुढे जोडली जाते. सातबाऱ्यावर ज्याचा हक्क संपतो त्याचं नावही पुसलं जात नसे, त्याला कंस होत असे. २०२० च्या नव्या नमुन्यात नावावर आडवी रेघ येते. नाव वाचता येतं, आणि ते आज लागू नाही हेही कळतं.

हे दप्तर संगणकावर नेताना राज्यात ई-फेरफार प्रणाली आली. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवताना 'एडिट' आणि मग 'री-एडिट' अशी मॉड्यूल्स द्यावी लागली, आणि गावोगावी चावडी वाचन घेऊन लोकांकडून चुका मागवल्या गेल्या. मला यातला चावडीचा भाग फार मोलाचा वाटतो. पक्की नोंद दुरुस्त करताना एकट्याने बटण दाबायचं नसतं, ज्यांचं त्यात काही आहे त्यांच्यासमोर ती वाचली पाहिजे.

आणि जुनं पुसू नये, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ ला मुंबई राज्यात आला. राज्यकर्ते, भाषा, नमुने सगळं बदललं. हैदराबाद राज्यात १९५४ च्या सुमारास झालेलं खासरा पत्रक आजही लोक तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन काढतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दूतली जुनी दप्तरं उघडावी लागली. प्रत्येक बदलाच्या वेळी आधीच्या नोंदीवर नवी नोंद चढवली असती, तर शोधायला काही उरलंच नसतं.

५. पुसायला कायद्याने मनाई

हिशेबाचंही तसंच आहे. व्हाउचर चुकलं की ते खोडायचं नाही, उलट नोंद टाकून बरोबर व्हाउचर करायचं, हे मुनिमाला पूर्वीपासून ठाऊक होतं. कॉम्प्युटर आल्यावर मात्र जुनं व्हाउचर उघडून आकडा बदलणं सोपं झालं आणि बदलाचा मागमूसही राहिना. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांसाठी नियमच आला: हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. टॅलीने त्यासाठी एडिट लॉगची आवृत्ती काढली. आडत दुकान एकमालकी असेल तर त्याला हा नियम लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्याखालीच नोंदलेली असते, तेव्हा सोयाबीन-तुरीची खरेदी करणाऱ्या अशा कंपनीच्या संचालकांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं. अनडू तिथेही चालतं, पण ते केल्याचंही नोंदलं जातं.

६. दोघं एकाच कागदावर

नांदेडला बसलेली एक आणि लातूरला बसलेला दुसरा, दोघंही एकाच गूगल डॉकमध्ये लिहीत आहेत. लातूरकराने झेड दाबलं. शेवटचा बदल नांदेडकरणीचा होता, तर तिचं वाक्य जावं का? अर्थातच नाही. इथे प्रत्येकाची चळत वेगळी असते आणि झेड फक्त आपलंच केलेलं मागे घेतं. बांधायला हे अवघड आहे, कारण आपण लिहिलेल्या शब्दाच्या आधी दुसऱ्याने दोन ओळी घातल्या असतील तर शब्दाची जागा सरकलेली असते, आणि ती आधी नव्याने मोजावी लागते.

७. जे परत येत नाही

जीमेलमध्ये 'अनडू सेंड' २०१५ पासून सगळ्यांना मिळालं. त्यात पाठवलेलं पत्र परत येत नाही. तुम्ही ठरवाल तसं ते पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद तुमच्याकडेच थांबवून ठेवलेलं असतं. ज्या कामाला उलट कृतीच नाही, तिथे ही तोड उत्तम आहे. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायच्या जागी घाईत 'माझ्यासाठी डिलीट' दाबलं जायचं. मग मेसेज आपल्यालाच दिसेना आणि समोरच्याकडे तसाच राहायचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावर पाच सेकंदांचं अनडू आलं.

यूपीआयमध्ये पैसे काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात जमा होतात. ते आता त्याच्या ताब्यात असतात, तेव्हा तुमच्या झेडने ते ओढून घेता येणं हे उलट धोक्याचं ठरलं असतं. मग बँकेकडे तक्रार करावी लागते. म्हणून अशा जागी सावध करायचं ते आधी. पिन टाकण्यापूर्वी समोरच्याचं नाव दिसतं ते त्यासाठीच, आणि ते मोठ्या ठळक अक्षरांत दिसायला हवं. उलट जिथे सहज मागे येता येतं तिथे दरवेळी "नक्की पुसायचं का?" विचारू नये. रोज पन्नासदा विचारलेल्या प्रश्नाला बोट न वाचताच 'हो' म्हणतं, आणि खऱ्या धोक्याच्या वेळीही तेच होतं.

८. बांधणाऱ्यासाठी

गावात कुणी दुकानासाठी, संस्थेसाठी सॉफ्टवेअर करत असेल तर त्याने अनडू शेवटी जोडू म्हणून ठेवू नये. बदल करणारी प्रत्येक आज्ञा पहिल्या दिवसापासून एकाच दारातून जाऊ द्यावी, म्हणजे नोंद ठेवायची जागा एकच राहते. पान वरखाली करणं, मजकूर निवडणं यांची नोंद चळतीत घेऊ नये. झेड दाबल्यावर बदल पडद्याबाहेर झाला असेल तर पडदा तिथे न्यावा, नाहीतर काय बदललं ते कळत नाही. मेनूत नुसतं 'अनडू' न लिहिता 'अनडू: रंग' असं लिहावं. फाइल सेव्ह केल्यावर चळत रिकामी करू नये. एक्सेलमध्ये बदल करणारा मॅक्रो चालवला की मागची सगळी पावलं सहसा पुसली जातात, हे ठाऊक नसलेल्या माणसाचं बरंच काम त्यात अडकून बसतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही होणार असेल तर ते आधी सांगावं.

पारखायची रीत सोपी आहे. कोऱ्या कामावर पन्नास उलटसुलट कृती करा: लिहा, पुसा, रंगवा, तक्ता घाला, 'क्षि' लिहा, वेलांटी बदला. मग पन्नास वेळा अनडू करा. सुरुवातीच्या फाइलशी एका बाइटचाही फरक पडता कामा नये. मग पन्नास वेळा रीडू करा, आणि शेवटची फाइल पुन्हा तंतोतंत मिळते का ते ताडून पाहा. फरक निघालाच, तर तो बहुधा अशा एखाद्या कृतीत सापडतो जिची उलट कृती आहे असं गृहीत धरलं होतं आणि मूळ मूल्य जपून ठेवायचं राहून गेलं होतं.